खाऱ्या मातीचं यमक

एका गरोदर बाईला मी भर कार्यक्रमात खारी जमीन म्हणालो. तेही यमक जुळत होतं म्हणून.

कारखान्याचं धुराडं परवा पेटलं. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर काजळीचे बारीक काळे तुकडे उतरले आणि मळीचा तो आंबूस, जडसर वास वाऱ्याबरोबर वस्तीवर आला. इंदापूरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या डुलत निघाल्या आहेत; मागं लोंबणारं वाढं, उसाचे हिरवे शेंडे, डांबर झाडत जातं. या दिवसांत सगळ्या मुलखाच्या तोंडाला गोडी येते. मला मात्र या वासानं मीठ आठवतं. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच हंगामातलं, एका ताटात न वाढलेलं मीठ.

मी तीस वर्षं बारामतीत ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवलं. तासाला मुलं पेंगायची, म्हणून मी धड्यांवर कविता करू लागलो. मग ती गाढ झोपू लागली. निवृत्त झालो आणि निमगाव केतकीजवळ आमच्या वस्तीवर राहायला आलो. इथं ऐकणारे कमी, पण जागे.

त्या हंगामात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती बारामतीत बायकांची डॉक्टर आहे. म्हणाली, "सर, गरोदरपणात आईच्या अवतीभवती जे घडतं, त्याच्या खुणा बाळाच्या जनुकांवर राहू शकतात, यावर बरंच संशोधन चाललंय. मी सांगायला लागले की बायका घड्याळाकडं बघतात. तुम्ही गाण्यात सांगा. फक्त एक सांभाळा. ओझं आईच्या डोक्यावर नको."

"हो हो," मी म्हणालो. मी 'हो' दोनदा म्हणालो की एकदाही ऐकलेलं नसतं.

एपिजेनेटिक्स हे नाव नुसतं उच्चारलं तरी अंगणवाडीतल्या निम्म्या बायकांना चुलीवर दूध ठेवून आल्याचं आठवेल. म्हणून मी पाट घेतला. पाट इथं लहान पोरालाही कळतो. पाट तोच असतो, चाऱ्या त्याच असतात. पण कुठल्या चारीचं दार उघडं आणि कुठलं मिटलेलं, त्यावर पाण्याची पाळी कुणाची आणि कुणाचं रान भिजणार ते ठरतं. जनुकं म्हणजे या चाऱ्या. आईबापांकडून आल्या तशा आल्या, त्या कुणी नव्यानं खोदत नाही. पण त्यांच्या तोंडाशी बारीक रासायनिक खुणा बसतात, पाटकऱ्यानं दाराला बांधलेल्या चिंधीसारख्या: हे उघड, हे मिटून ठेव. आईला पोटभर मिळालं का, तिचा जीव धास्तावला होता का, ऊन किती लागलं, बाप काय खात-पीत-ओढत होता, अशा गोष्टींनी या चिंध्या हलू शकतात. हलू शकतात म्हणजे हलतातच असं नाही, आणि हललेल्यांतल्या काही परतही फिरू शकतात. माणसांच्या बाबतीत अजून पुष्कळ गोष्टी कुणालाच पक्क्या ठाऊक नाहीत.

हे सगळं मला माहीत होतं. वहीत सुरुवातही बरी झाली होती.

पाट तोच, चाऱ्या त्याच, दारं उघडी-मिटली,
पोटातल्या रानाला ग पाळी कुणाची भेटली?

इथं थांबलो असतो तर आज हा लेख लिहावा लागला नसता. पण कवीला थांबता येत नाही. पुढच्या ओवीत 'दारी' हा शब्द आला. त्याच्यापुढं सारी, न्यारी, भारी अशी भली घरंदाज यमकं रांगेत उभी होती. मी त्यांच्या डोक्यावरून हात लांबवला आणि मागची 'खारी' ओढून काढली.

पाणी गोड, बेणं गोड, पाट आला दारी,
ऊस का ग खुरटला? माय माती खारी.

लिहून झाल्यावर मी स्वतःच्या पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला. हात पुरला नाही, एवढंच.

अंगणवाडीत पाच-सहा गरोदर बायकांची ओटी भरायचा कार्यक्रम होता. मंदाताई तिथल्या सेविका. त्यांनी भिंतीला झेंडूची माळ लावली होती, सतरंजी झटकून अंथरली होती. नव्या बांगड्यांचा आवाज, नारळ, खोबरेल तेलाचा वास आणि मधे खुर्चीवर मी, हातात वही. पहिल्या रांगेत अश्विनी बसली होती. पाचवा महिना, तिची दुसरी खेप. पहिला मुलगा आयुष आठव्या महिन्यातच झालेला. पाच वर्षांचा असून तिनाचा दिसायचा, चार पावलं पळाला की छाती धरायचा. हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. तरी मी तिच्याकडं बघत, हात वगैरे करून, ती ओवी म्हणालो. शेवटच्या शब्दावर आवाज जरा कापरा केला.

टाळ्या झाल्या. अश्विनीनं वाजवल्या नाहीत. तिच्या मांडीवर नारळ होता म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

तिच्या शेजारी तिची सासू होती, कुसुमकाकू. या बाईला एकदा ऐकलेलं पाठ होतं आणि गळा असा की डाळिंबाच्या बागेत या टोकाला गायली तर त्या टोकाची बाई हात थांबवते. त्यांनी तिथल्या तिथं ती ओवी चालीवर बसवली. मला म्हणाल्या, "सर, लई खरं लिवलंय बगा. पाच वर्षं मी इच्यार करतीया, आमच्याच नातवाला असं का म्हणून. आज कळलं."

मी लाजून मान खाली घातली. कवीला कुणी 'खरं लिहिलंय' म्हटलं की तो खरं काय ते बघायचं सोडून देतो.

आमच्या भागात खारी जमीन म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. पाटाचं पाणी आलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची तहान असल्यागत लोकांनी ते उसाला सोडलं. खालच्या अंगाच्या रानांत पाणी तुंबलं आणि ऊन पडलं की मीठ वर येऊ लागलं. लांबून बघितलं तर दहिवर पडल्यासारखं पांढरं दिसतं. जवळ गेलं की पाय ठेवावासा वाटत नाही. अशा रानाचं लोक दोन गोष्टी करतात. पाणी भरभरून मीठ धुवून काढायला बघतात, नाहीतर पडीक टाकतात. या दोन्ही गोष्टी माहीत असलेल्या बायकांपुढं मी ती ओवी म्हटली होती.

जानेवारीतली एक सकाळ आठवते. थंडी पडलेली, भिगवणकडच्या पाणथळीवरून रोहित पक्ष्यांची एक ओळ डोक्यावरून गेली, गुलाबी आणि बिनआवाजाची. मी बांधावरून चाललो होतो. डाळिंबाच्या बागेत बायका फळं काढत होत्या आणि कुसुमकाकूंच्या आवाजात माझी ओवी बागभर फिरत होती. 'ऊस का ग खुरटला' त्या एकट्या म्हणायच्या, 'माय माती खारी' सगळ्या मिळून. मला भरून आलं. आपलं विज्ञान थेट रानात पोचलं, असं वाटून मी खिशातून मोबाईल काढला आणि रेकॉर्ड करू लागलो. ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडं आहे. त्यात गाणं आहे, कात्रीचा कटकट आवाज आहे, माझं समाधानानं खाकरणं आहे. आणि बारकाईनं बघितलं तर डाव्या कोपऱ्यात लिंबाखाली आमच्याकडं पाठ करून बसलेली एक बाई आहे, पाण्याची कळशी तोंडाला लावून घटाघटा पिणारी. ती मला तेव्हा चित्राची शोभा वाटली होती.

फेब्रुवारीत मंदाताई आमच्या ओट्यावर आल्या. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"सर, अश्विनी दोन खेपा तपासणीला आली न्हाय. काल घरी गेले. हातापायाच्या काड्या झाल्यात. भोवळ येऊन पडली हुती म्हणं."

"डॉक्टरकडं न्यायला हवं."

"ती येत न्हाय. मीठ सोडलंय तिनं."

"म्हणजे?"

"म्हणजे खात न्हाय मीठ. महिना झाला. आळणी जेवण गिळत न्हाय म्हणून जेवण बी अर्ध्यावर. आन दिवसभर नुसतं पाणी पिती. रान धुत्यात तसं. तुमची ती ओवी, सर. तिची सासू उठता-बसता म्हणती. आता म्हणत्यात, बाळंतपणाला माहेरी धाडायची. ती परत कवा येणार ते कुणी बोलत न्हाय."

पडीक टाकायची. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही, मला ऐकू आला.

मंदाताई गेल्यावर मी बायकोला, सुमनला विचारलं, "आपल्या पोरांच्या वेळी तुला कसं वाटायचं ग? भीती वाटायची का?" आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होतो. सुमन गवार मोडत होती. म्हणाली, "भीतीचं आठवत नाही आता. थोरल्याच्या वेळी कळा आल्या तेव्हा तुम्ही कविसंमेलनाला गेला होता, तेवढं आठवतंय." आणि गवारीच्या शिरा माझ्यापुढं सरकवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी आणि मंदाताई अश्विनीच्या घरी गेलो. तिचा नवरा दत्ता हंगामात कारखान्याचा ट्रॅक्टर चालवतो, तो खेपेवर होता. तात्या, म्हणजे तिचे सासरे, बाजेवर बसून दोरी वळत होते. घराच्या खालच्या अंगाला त्यांच्या रानाची खारवटलेली पट्टी, निम्मी अजून पांढरी, निम्म्या रानात गहू. अश्विनी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ओठ फुटलेले, डोळ्यांखाली सावल्या. पोट तेवढं पुढं आलेलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं आणि तिला सांभाळायला दिलं होतं.

"सर, मी येडी न्हाय," तीच आधी बोलली. "बारावी सायन्स झालीय माझी. कविता हाय ते कळतंय मला. पण रोज ऐकलं, रोज ऐकलं, मग वाटलं, करून बघायला काय जातंय. थोडं तरी धुवून निघंल. आयुषचं झालं ते ह्याचं नको व्हायला."

यावर साध्या माणसानं साधं काहीतरी बोलायचं असतं. मी काय केलं? मी म्हणालो, "हे बघ अश्विनी, माती हे एक प्रतीक आहे." आणि त्या ओवीचा दुसरा अर्थ सांगू लागलो. प्रतीक, रूपक, कवीचा हेतू. मंदाताईंनी माझ्या बाहीला धरून ओढलं, तरी एक वाक्य सुटलंच.

कुसुमकाकू आतून म्हणाल्या, "तुमीच लिवलं आन तुमीच फिरवताय व्हय? लिवलंय ते खरंच हाय."

तेव्हा तात्यांनी दोरी खाली ठेवली. हा माणूस दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत असेल. त्यातली बरीचशी त्या दिवशी तिथं खर्च झाली.

"सर, ही खालची पट्टी खारी कशानं झाली, ठावं हाय का?"

"पाणी जास्त झाल्यानं."

"पाणी कुणी सोडलं? जमिनीनं मागितलं हुतं का? माझ्या बापानं सोडलं, मी सोडलं. फुकाट आल्यागत सोडलं. ती बिचारी पीत बसली. पिऊन पिऊन मीठ आलं वर, मग आमीच म्हणायला मोकळं, रान वाईट निघालं." त्यांनी पट्टीकडं बोट केलं. "मग मीठ काढाय चर कुणी मारलं? जमिनीनं मारलं न्हाईत. मीच मारलं. पायपा मीच गाडल्या, ताग मीच गाडला. तीन वर्षं. आता निम्म्यात गहू हाय."

मग ते बायकोकडं वळले. "आन हिच्या आठव्या म्हैन्यात, वैशाखाच्या उन्हात, हिला कांदा काढाय कुणी बसवलं? मी म्हणलं, चार दिवसांचं काम हाय, घरचंच माणूस हाय. तू म्हणलीस, आमी बी केलंय. दत्ता मान हलवून गेला. ही बसली. कवा म्हणली का, मी न्हाय बसत म्हणून? मग खारं कोण, सांग की."

अश्विनीनं पदर तोंडावर घेतला आणि ती रडली. मोठ्यानं नाही. पाच वर्षं साठलेलं माणूस मोठ्यानं रडत नाही.

कुसुमकाकू बऱ्याच वेळानं उंबऱ्यावर येऊन बसल्या. कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "दत्ताच्या आदी माझी दोन गेली. तवा मला बी असंच म्हणाले हुते."

"कोण? काय म्हणाले?" मी विचारलं.

"ह्येच, दोष बाईचा म्हणून. कविता न्हवती. साधंच म्हणाले हुते."

मग त्या उठल्या, आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात ताट होतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ. ते ताट त्यांनी अश्विनीपुढं ठेवलं. "खा," म्हणाल्या. अश्विनीनं भाकरीचा तुकडा पिठल्याला लावला, मग मिठाला लावला. जिभेवर ठेवल्यावर तिनं डोळे मिटले. मी आयुष्यात पुष्कळ सुंदर गोष्टी बघितल्या असतील. पण मीठ असं खाताना मी कुणाला बघितलं नव्हतं, आणि ते बघायला मी लायक नव्हतो.

त्याच दिवशी तिला बारामतीला नेलं. माझ्या विद्यार्थिनीनं सगळं ऐकून घेतलं. मला बस म्हणाली नाही. रक्त तपासल्यावर अश्विनीला समजावून सांगितलं की शरीरातलं मीठ फार उतरलंय, भोवळ त्यानं येते, वेळेवर आलीस. अश्विनीनं विचारलं, "मॅडम, आयुष माझ्यामुळं असा झाला का?"

डॉक्टर तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तो लवकर का झाला, हे नक्की कुणी सांगू शकत नाही. आणि जे कुणालाच माहीत नाही, ते तुझ्या नावावर लावायचा हक्क कुणाला नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अगदी माझ्या सरांनासुद्धा नाही."

परतताना मी जीपमध्ये मागं बसलो. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती, काचेवर काजळी बसत होती. मला तेव्हा एक गोष्ट कळली आणि ती तेव्हापासून गेलेली नाही. मी बायकांना सांगायला निघालो होतो की आईच्या भोवतीचं हवामान बाळापर्यंत पोचू शकतं. ऊन, भूक, धास्ती. आणि महिनाभर त्या पोटातल्या जिवाच्या भोवती जी धास्ती होती, ती माझी होती. माझ्या अक्षरातली. ज्या दारांना कुठली चिंधी बांधली जाईल याची मी ओवी रचत होतो, त्या दारांत मीच हात घालून बसलो होतो. त्या महिन्याची काही खूण त्या बाळावर राहिली का, हे कुठल्याही तपासणीत दिसणार नाही. राहिली नसेल. बहुतेक नसेल. या 'बहुतेक'वर मी तीन वर्षं झोपतोय.

कुसुमकाकू ती ओवी नंतर कधी म्हणाल्या नाहीत. पण गाणं एकदा तोंडात बसलं की बसलं. पुढं कितीतरी दिवस डाळिंबाच्या बागेत कुणी बाई नकळत सुरू करायची, 'पाणी गोड, बेणं गोड', आणि काकू लांबून ओरडायच्या, "ए, दुसरं म्हण!" मी बांधावरून चाललेला असलो तर मान खाली घालून पावलं उचलायचो. आपली कविता लोकांनी विसरावी म्हणून मनापासून झुरणारा या तालुक्यात मी एकटाच असेन.

मार्चच्या शेवटी हंगाम आटपत आला, धुराडं विझायला आलं, तेव्हा अश्विनीला मुलगी झाली. दिवस भरून. वजन सव्वादोन किलो, जरा कमीच. ती माहेरी गेलीच नाही. बाळंतपण सासरी झालं, आणि सव्वा महिना कुसुमकाकूंनी तिला पाण्याला हात लावू दिला नाही. दत्तानं ट्रॅक्टरच्या दोन खेपा बुडवल्या. तात्यांनी काय केलं ते कुणी बघितलं नाही; पण उरलेल्या पांढऱ्या रानात त्या उन्हाळ्यात आणखी एक चर निघाला.

परवा धुराड्याचा धूर दिसला आणि मी वही काढली. नवी कविता लिहिली, चाळीस ओळींची. तीन वर्षं मनात घोळत होती. त्यात पाट आहे, चाऱ्या आहेत, पाणी सोडणारे हात आहेत, बाप आहे, सासरा आहे, ऊन आहे. डॉक्टरला फोनवर वाचून दाखवली. तिनं एक विधान सैल करायला लावलं आणि बाकी चालेल म्हणाली. सुमनला वाचून दाखवली; ती म्हणाली, "मला कशाला, जिला दाखवायची तिला दाखवा."

म्हणून काल तात्यांच्या घरी गेलो. अश्विनी म्हशीपुढं वाढं टाकत होती. मुलगी कोंबडीमागं धावत होती, तोंड भरून ओरडत, आणि दमत नव्हती. मी ते आधी बघून घेतलं. दम लागतोय का ते बघायची मला सवयच लागली आहे. आयुष शाळेतून यायचा होता.

"अश्विनी, एक वाचून दाखवू का?" मी विचारलं.

तिनं हात झाडले, पदराला पुसले. कुसुमकाकू सुपात गहू पाखडत होत्या, त्यांचं सूप थांबलं. "वाचा," अश्विनी म्हणाली आणि दावणीच्या कडेला उभी राहिली, बारावीच्या वर्गात उभी राहिली असेल तशी.

मी वाचू लागलो. या वेळी आवाज कापरा करावा लागला नाही, तो आपोआप झाला. एकोणचाळीस ओळी ती ऐकत राहिली, चेहऱ्यावर काही नाही. चाळिसावी ओळ साधी होती. तिला यमक नव्हतं. ती वाचताना मी वहीतून मान वर काढली.

"चूक तुझी नव्हती."

अश्विनी माझ्याकडं बघत राहिली. डोळे भरले होते, पण सांडले नाहीत. मग तिनं वाढ्याची पेंढी उचलून काखेत मारली आणि म्हणाली,

"एवढंच सांगायचं हुतं, तर आदुगरच्या एकोणचाळीस वळी कशाला लिवल्या, सर?"